दोन दांड्यांचं मशीन

माझ्या मावशीला शोध लावणाऱ्या माणसांचं भारी वेड. म्हणजे बल्ब कुणाचा, टेलिफोन कुणाचा, असलं नाही हं. तिला एकच माणूस हवाय आणि तो कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

मावशीनं एकवीस वर्षं छापखान्यात कागद कापायचं मशीन चालवलं. त्याला दोन दांडे. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे एकदम खाली ओढले तरच पातं पडणार, म्हणजे हात पात्याखाली राहायचा प्रश्नच नाही. किती साधं! पण कुणाला तरी ते सुचलं ना? मी कॉलेजच्या लायब्ररीतून शोधांचं जाडजूड पुस्तक आणलं, तर मावशीनं चष्मा लावून अख्खं पालथं घातलं.

"सगळे मेले दाढीवाले," ती म्हणाली. "वस्तऱ्याचा शोध सगळ्यात शेवटी लागला वाटतं. आणि माझा दोन दांड्यांवाला कुठाय गं?"

"नाहीये गं, मावशी."

"त्याच्या डोळ्यांदेखत कुणाचा तरी हात गेला असणार. उगाच नाही सुचत असलं."

मग पान उलटता उलटता तिनं मान वळवून कान दिला. आणि मला कळलं, हिला परत शिट्टी ऐकू येतेय.

शिट्टी म्हणजे तिची मैत्रीण. दुसऱ्या पाळीला त्याच मशीनवर यायची, काम करताना सारखी शिट्टी वाजवायची, म्हणून अख्खा छापखाना तिला शिट्टीच म्हणायचा. आता तिथली गंमत ऐका. दोन्ही हात दांड्यांवर अडकले की गठ्ठा सरकतो, काम रेंगाळतं. म्हणून सगळ्याच जणी डावा दांडा सुतळीनं खाली बांधून टाकायच्या! एका हातानं उजवा ओढायचा, दुसऱ्यानं कागद सारखे करायचे. साहेब येताना दिसला की सुतळी सोडायची. त्या बिचाऱ्या माणसानं एवढं डोकं चालवलं आणि ह्यांनी त्यावर गाठ मारली.

एका दुपारी मावशीची पाळी संपली आणि ती सुतळी सोडायला विसरली. शिट्टी उशिरा आली, घाईत उभी राहिली. तिला वाटलं डावा दांडा मोकळाय, पातं पडायचं नाही, आणि डाव्या हातानं कागद सारखे करताना तिनं उजव्यावर भार दिला. मावशी नळावर हात धूत होती. मागे शिट्टीची शिट्टी चालू होती, आणि ती सुरातच, मध्येच, तुटली.

डाव्या हाताची तीन बोटं.

चौकशीत शिट्टी म्हणाली, "सुतळी मीच बांधली होती." मावशी शेजारीच उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर बारा वर्षं मावशीनं तेच मशीन दोन्ही हातांनी चालवलं, आणि अजूनही भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिला ती शिट्टी ऐकू येते, त्या जागेपर्यंतच. शिट्टीनं मात्र पुन्हा कधीच वाजवली नाही.

गेल्या रविवारी शिट्टीमावशी नेहमीसारखी आली. पुस्तक बघून म्हणाली, "काय गं, म्हातारपणी परीक्षा देतेस की काय?"

मावशीनं पुस्तक मिटलं. "ती सुतळी माझी होती. मी सोडायची विसरले. तू नव्हती बांधलीस."

मला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, उठून जाईल.

शिट्टीमावशी हसली! "काहीतरीच काय बोलतेस? माझं दुःख वाटून घ्यायला निघालीस होय?"

"अगं खरंच! मी नळावर होते, मला आठवतंय ना..."

"आणि मला नाही आठवत?" तिनं डावा हात पुढे केला, जिथे बोटं नाहीत ती जागा अंगठ्यानं चोळली. "ह्याच बोटांनी मारली ती गाठ. सुतळी अजून टोचते इथे. रोज."

"तुझी नव्हती गं..."

"बाई, सगळं गेलं, निदान चूक तरी माझी राहू दे. नाहीतर इतकी वर्षं मी कुणावर चिडत होते?"

शिट्टीमावशीनं एका हातानं साडी नीट केली, चप्पल घातली, येते म्हणाली.

तेव्हापासून मावशी मलाच विचारते, "तू तरी विश्वास ठेवतेस ना?" मी ठेवते, अगदी शंभर टक्के ठेवते. पण माझा विश्वास घेऊन ती करणार काय? बोटं काही माझी गेली नव्हती.