कप्पी काढणाऱ्या आक्का

आनंदीआक्का ग्रामपंचायतीत आल्या की कधी बसत नसत. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहत आणि म्हणत, "मी बसाक नाय इलंय. तू लिव."

मी घाटावरून आलेला ग्रामसेवक. कुणकेश्वरच्या अलीकडचं ते गाव, माझी पहिलीच नेमणूक, ऐंशीनंतरची वर्षं. आठवड्यातून चारदा तरी आक्का समोर उभ्या. खरं सांगतो, लांबून त्यांचं लुगडं दिसलं की मला मागच्या दाराने निघून जावंसं वाटे.

तक्रार एकच. वाडीची पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर हापूसच्या बागांना लागून होती. मोहोर आला की बागायतदार फवारणी करत आणि पंप, पिंपं विहिरीच्या कट्ट्यावरच धूत. कट्टा फुटका, त्यामुळे ते पाणी पुन्हा आत झिरपे. "औषध थोडं गेलं असेल," असं मी एकदा म्हणालो, तर आक्कांनी मला तिथेच थांबवलं. "औषध म्हणू नको. वीख म्हण. औषधान माणूस बरो होता."

पंप धुतं कोण, असं मी विचारलं.

"माझो झील, वसंत. त्याचा नाव पयला घाल."

मी कचरलो. पंचांपैकी प्रत्येकाची बाग होती. सरपंच हसून म्हणाले, "मायलेकांचं भांडण पंचायतीत कशाला?" शेवटी मी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. उत्तर यायला दोन महिने लागले: जंतू आढळले नाहीत, पाणी पिण्यास योग्य. विषाची तपासणी तिथे होतच नव्हती. मधल्या काळात कट्ट्याजवळच्या गुरांच्या दोणीतलं पाणी पिऊन आक्कांची गाभण म्हैस तडफडून मेली होती. मी कागद वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी म्हस दोन घटकेत आडवी झाली. जंतू इतक्या घाईचे असतत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीची कप्पी काढून घरी नेली, तोंडावर काटेरी फांद्या टाकल्या आणि शेजारी ठाण मांडलं. लांबच्या झऱ्यावर जावं लागल्याने वाडीतल्या बायकांनी त्यांना शिव्या घातल्या. सरपंचांनी मला नोटीस काढायला लावली. मी वैतागून विहिरीवर गेलो.

"लिव," आक्का म्हणाल्या. "पण मी असा कित्याक केलंय, ता पण लिव."

कारण लिहिणं भागच होतं. विहिरीत फवारणीचं विष मिसळतं आणि त्याने म्हैस दगावली असं त्यांचं म्हणणं आहे, हे पंचायतीच्या शिक्क्याखाली पहिल्यांदाच कागदावर आलं. अंगठा उठवून आक्कांनी नोटीस घेतली आणि एसटीने थेट तालुका गाठला. शिक्क्याचा कागद तिथल्या गटविकास अधिकारी साहेबांना बाजूला सारता येईना. ते स्वतः आले. विहीर उपसली गेली, कट्टा नव्याने बांधला आणि तिथे पंप धुण्यावर बंदी आली.

वसंतने आईशी बोलणं टाकलं. एकाच घरात, तिच्याच हातचं जेवून, दोन वर्षं.

बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. वसंत जेवत होता. आक्कांनी न विचारता भात वाढला. तो जेवला आणि हात धुऊन बाहेर गेला.

"मी बोलून बघू का त्याच्याशी?" मी विचारलं.

"नको रे. नाय बोलणा तर ऱ्हवांदे." त्या त्याचं ताट उचलू लागल्या. "तो पण त्याच बावीचा पाणी पिता. जितो आसा मा?"