बोंबलाच्या मांडवावरचे पाइप

पडदा वर जातो. डहाणूच्या किनाऱ्याजवळचा एक ओटा. डावीकडे बांबूच्या मांडवावर बोंबील लटकलेले. उजवीकडे अॅल्युमिनियमच्या टोपात ऐनाच्या झाडाची साल उकळते आहे. आणि मधोमध पाटावर बसलेल्या वेणूबाई तंबाखूच्या पाइपाला रंग लावताहेत. हो, साहेबलोक तोंडात धरतात तोच लाकडी पाइप!

एका नाटकात मी बॅरिस्टर व्हायचो आणि रिकामा पाइप चावत तीन अंक काढायचो. त्याचा काळा रंग घामानं बोटांना लागायचा. वेणूबाईंचा रंग बोटाला लागत नाही. रंगभूमी सोडून मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हापासून या ओट्याचा कायमचा प्रेक्षक आहे.

रंगाची विद्या त्यांना सासऱ्यांकडून मिळाली. जाळी सुती होती तेव्हा ती सालीच्या पाण्यात बुडवत, म्हणजे समुद्रात लवकर कुजत नसत. नायलॉन आलं आणि टोप माळ्यावर गेला. तो खाली आला काकड्यामुळे. काकड्या कासा गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचा शेतकरी. भात झोडून झालं की जुन्या चिकूच्या लाकडाचे पाइप कोरतो. पुढचं काम वेणूबाईंचं. ओल्या फडक्यानं पुसून लाकडाचे रोम उभे करायचे, बारीक पॉलिशपेपरनं घासायचे, मग सालीचं पाणी, पुन्हा घासणं, पुन्हा पाणी, शेवटी मधमाशीचं मेण. पाइपाच्या वाटीत चिंधीचा बोळा कोंबलेला असतो. रंग आत उतरला तर तंबाखूची चव बिघडते.

गेल्या हिवाळ्यात माल घेणाऱ्या जिग्नेशशेठनं बजावलं, "वेणूबेन, या वेळी परदेशी गिऱ्हाईक आहे. माल चोख पाहिजे, नाहीतर पुढचं पॉलिश मी वापीला मशीनवर करून घेणार."

वेणूबाई धास्तावल्या. जन्म मासळी वाळवण्यात गेला. आपल्या हातचं म्हणून कौतुकानं बघावं असं हे एकच काम.

त्यात हवा दमट. रंग सुकेना. मग वेणूबाईंनी किनाऱ्यावरच्या बाईला सुचेल तेच केलं. वारा लागतो तिथं, बोंबलांच्या रांगेत, पाइप दोरीनं टांगले. झकास सुकले. मेण चढलं, चिंचोक्यासारखे चमकले.

काकड्या माल बघायला आला. एक पाइप नाकाशी नेला आणि मागं सरला.

"वहिनी, याला बोंबलाचा वास येतो."

"कसला वास? सर्दी झालीय तुला."

वेणूबाईंच्या नवऱ्यानं, नारूनं हुंगलं. "लाकडाचा येतो की."

शेजारच्या भारतीनं हुंगलं. "मला तर मेणाचा आला."

पाइप माझ्याकडे आला. मी डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. काही नाही! इथं राहून माझंही नाक इथलंच झालं होतं.

"तुम्ही सगळे बोंबलात नांदता," काकड्या म्हणाला. "माशाला माशाचा वास येतो काय?"

नारू खो खो हसला. वेणूबाई हसल्या नाहीत. तापल्यावर वास सुटेल म्हणून त्यांनी पाइप शेगडीवर शेकला, पुन्हा हुंगला. तरी काही कळेना. पण काकड्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. "परवा जिग्नेश येणार," एवढंच बोलल्या. मग उठून सगळे पाइप पिशवीत भरले, टोपावर झाकण बांधलं. "चल, तुझ्या घरी."

दुसरा अंक सोडून प्रेक्षक घरी जातो होय? मीही पाड्याकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये चढलो.

काकड्याची बायको दक्षा अंगणातच उभी होती. सगळं ऐकून म्हणाली, "पाइप राहू द्या वहिनी, आधी तुम्ही अंघोळ करा."

"म्हणजे मलाही येतो?"

"जीपमधल्या माणसांना विचारा."

वेणूबाई न्हाऊन दक्षाचं लुगडं नेसून आल्या आणि कामाला बसल्या. मेण खरवडलं, रंग घासून काढला, ओलं फडकं फिरवलं, पुन्हा घासलं. प्रत्येक पाइप दक्षाच्या नाकाखालून जायचा. ती नाही म्हणून मान हलवी, तो पुन्हा पॉलिशपेपरखाली. पसंत पडला त्यालाच सालीचं पाणी. मग सगळे तिच्या माळ्यावर टांगले. डोंगराकडचा वारा कोरडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेणसुद्धा चढलं.

निरोप मिळाल्यामुळे जिग्नेशशेठ चारोटी नाक्यावरून थेट पाड्यावर आला. पाइप बघून खूश झाला. मी मनात म्हटलं, आता गप्प राहा बाई. पण वेणूबाई पुढं झाल्या.

"आधी ऐक. हे बोंबलात सुकवले होते. आम्हाला वास कळला नाही. सगळं काढून नव्यानं केलंय. आता तूच ओढून बघ."

जिग्नेशशेठचा हात थांबला. त्यानं एक पाइप निवडला, खूप वेळ हुंगला, तंबाखू भरली, पेटवली. आम्ही चौघं शेवटच्या प्रवेशाच्या प्रेक्षकांसारखे पुढं झुकलो. वाटी तापली. त्यानं आणखी एक झुरका घेतला आणि डोळे मिटले.

"सरस! मशीनचं राहू दे. पुढचा मालही तुमच्याकडेच. पण वेणूबेन, सुकवणार कुठं?"

वेणूबाईंनी पदर खोचला आणि दक्षाकडे बोट दाखवलं.

"हिच्या माळ्यावर. फक्त दक्षा, खाली चुलीवर लसणाची चटणी परतू नकोस बाई. तुझ्या घरातला वास तुलाही कळायचा नाही."