सावली परत येईपर्यंत

पृथ्वीवर ज्या रेषा नाहीत त्या मुलांकडून पाठ करून घेणं, हा लहानू मेश्राम सरांचा व्यवसाय होता. सक्करदऱ्याच्या एका शाळेत त्यांनी तो जवळपास तीस वर्षं निष्ठेनं केला. शाळेच्या पृथ्वीगोलाचा उत्तर ध्रुवाकडचा स्क्रू केव्हाच हरवला होता. त्यामुळे आमची पृथ्वी पुस्तकातल्यापेक्षा बरीच जास्त कललेली असे, आणि वर्गात नेताना सर तिच्या डोक्यावर एक हात धरून ठेवत. "पडली तर सगळेच जाऊ," असं म्हणत. म्हणताना हसत नसत, म्हणून मुलं हसत.

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पुस्तकात हे छापलेलं आहे. अडचण एवढीच, की पहिली वेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात येते, तेव्हा शाळा नसते. दुसरी जुलैच्या मध्यात येते, तेव्हा शाळा असते पण सूर्य नसतो. शिक्षण खातं आणि ढग यांनी मिळून नागपूरच्या मुलांपासून ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या लपवून ठेवली आहे. इतर भूगोल शिक्षक त्या वाक्याखाली रेघ मारायला लावून पुढच्या धड्याकडे वळत. मेश्राम सर मुलांना मेमध्ये बोलावत.

आमचे मुख्याध्यापक मनोहरराव यांना हे पहिल्यापासून मान्य नव्हतं.

"मेश्राम, एवढ्या उन्हात एखादं पोरगं पडलं तर?"

"प्रत्येकाला कांदा आणायला सांगितला आहे, सर."

"प्रयोगाला?"

"खिशात ठेवायला. ऊन लागत नाही."

"तुम्ही विज्ञानाचा माणूस, आणि कांदा?"

"मी भूगोलाचा आहे, सर. कांदा पालकांसाठी आहे."

अखेर मनोहररावांनी एका अटीवर परवानगी दिली: सोबत आणखी एक जबाबदार शिक्षक हवा. मराठी शिकवणाऱ्याला सुट्टीत काही काम नसतं अशी त्यांची समजूत असल्यामुळे ती जबाबदारी दरवर्षी माझ्यावर येई. मी पन्ह्याची बादली घेऊन निंबाखाली बसे. पोरं डोक्याला दुपट्टे गुंडाळून, खिशात कांदे घेऊन येत आणि व्हॉलीबॉलच्या खांबाभोवती कोंडाळं करत.

घड्याळात बारा वाजले की पहिला आरडाओरडा होई.

"सर, बारा वाजले! सावली तं हायेच!"

"ते सरकारचे बारा," सर सांगत. "सरकार मिर्झापूरकडच्या रेषेवरून घड्याळ लावतं. नागपूरचे बारा अजून वाजायचे आहेत."

मग थोड्या वेळानं खांबाची सावली खांबातच शिरे. पोरं ओरडत. एखादं दुसऱ्याला म्हणे, "पाह्य बे, तुही सावली चोरीले गेली." पूर्वी सर तेवढ्यावर सगळ्यांना घरी पाठवत. पण एकोणऐंशी सालापासून त्यांनी नवा नियम काढला. नाहीशी झालेली सावली खांबाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर येताना दिसेपर्यंत कुणी जायचं नाही.

"पाहून तं झालं न, सर? आता काहून थांबवून राहिले?"

"परत येते ती पाहून जा."

पोरांना हा निव्वळ छळ वाटे. या नियमाचं कारण देवाजी मेश्राम, सरांचे वडील.

देवाजी बुटीबोरीच्या पलीकडच्या एका गावचे. त्यांच्या लहानपणी गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यावर सरपण पोचवणं हे त्यांच्या घराकडे लागलेलं काम होतं. मोळी मागच्या अंगणात टाकायची आणि पाठ न दाखवता निघायचं. उन्हाळ्यात त्या अंगणात खाटांवर लुगडी अंथरून वाळवण घातलेलं असे. एका सकाळी दहा-अकरा वर्षांच्या देवाजीनं मोळी टाकली आणि त्याची सावली कुरडयांवर पडली. मालगुजाराची आई ओरडली नाही. तिनं गड्याला बोलावलं, लुगड्याची चारही टोकं धरायला लावली आणि सगळ्या कुरडया उकिरड्यावर ओतायला सांगितल्या. मग पोराला मारायला सांगितलं. गड्यानं दोन्ही कामं त्याच क्रमानं केली.

संध्याकाळी देवाजीच्या आईनं उकिरड्यावरून त्या कुरडया वेचून आणल्या. घरात कुरडई पहिल्यांदाच आली होती.

"चांगल्या होत्या," देवाजी सांगत. एवढंच सांगत.

तेव्हापासून ते सावली सांभाळून चालायला शिकले. ओझं डोक्यावर असताना आपण पाहतो रस्त्याकडे; देवाजी पाहत जमिनीवर, आपल्या बाजूला. सकाळी रस्त्याच्या एका कडेनं जात, संध्याकाळी दुसऱ्या. छप्पन साली नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, गाव सोडून लेकाकडे सक्करदऱ्याला आले. गळ्यातली माळ सुटली, व्रतं सुटली, जुनं सगळं एका दिवसात सुटलं. चालणं तेवढं सुटलं नाही. कोणी दारात ताट घेऊन बसलेलं दिसलं की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. आणि उन्हाळ्यात सरांच्या पत्नी गोपिकाबाई अंगणात वाळवण घालत, तेव्हा स्वतःच्या घराच्या पुढच्या दारातून न जाता देवाजी मागच्या गल्लीनं, शेजाऱ्यांची न्हाणी ओलांडून आत येत.

"मामाजी, हे आपलंच घर आहे," गोपिकाबाई म्हणत.

"हो वं. म्हनून तं येऊन राह्यलो."

"पुढून या ना."

"इकडून बरं पडते."

लहानू सरांना हे पाहवत नसे. वर्गात ते मुलांना सांगत, की रेषा माणसानं काढलेल्या असतात आणि जमिनीला त्या ठाऊकही नसतात. आणि घरी बाप कुणीही न काढलेल्या रेषेच्या कडेकडेनं चालत असे. त्यांच्या मनानं घेतलं होतं, की बापाला त्या एका दुपारी शाळेच्या मैदानावर उभं करायचं. सावली नाही हे त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की साठ-सत्तर वर्षांचं ओझं उतरेल. मला त्यांनी हे पन्ह्याच्या बादलीजवळ सांगितलं होतं. मला ते पटलं होतं. शिकलेल्या माणसांना अशा योजना चटकन पटतात.

देवाजी दरवर्षी नाही म्हणत.

"बा, यंदा या. सावली जाते, पाहा तरी."

"सावली कुठं जात नाही गा. मी लई डाव पाह्यलं."

"गावात जाते, इथं जाते, सगळीकडे जाते. तुम्ही त्या दिवशी पाहिलं नसेल."

"त्या दिवशी मी काय आंधया होतो?"

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा सर वडिलांना ध्रुवाची गोष्ट सांगत होते. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र. सूर्य डोक्यावर कधी येतच नाही, आभाळाच्या कडेनं फिरत राहतो. देवाजींनी दिवसारात्रीत फार रस घेतला नाही.

"मंग तिथं सावली केवढी?"

"माणसाच्या दुपटीहून मोठी. कधीच त्याहून लहान होत नाही. आणि दिवसभर माणसाभोवती गोल फिरते."

देवाजींनी अंगणाकडे पाहिलं.

"मंग आपल्या लोकायले तिथं काम भेटत नसंन," ते म्हणाले. "वाळवण कुठं घालत असतीन ते लोक?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही हसलो नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात देवाजींना छातीचा त्रास सुरू झाला. होळीपर्यंत ते खाटेवरून उठून दारापर्यंत जाऊ लागले, पण डॉक्टरांनी सरांना बाहेर व्हरांड्यात नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. पुढच्या वर्षीचा मे त्यांना मिळेल याची खात्री नव्हती. त्या वर्षी सरांनी विनवलं नाही. नुसतं म्हणाले, "बा, माझ्यासाठी या."

देवाजी आले. सायकलरिक्षातून, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून, आणि सुनेनं दिलेला कांदा हातात धरून, कारण सदऱ्याला खिसा नव्हता. पोरांनी वाट करून दिली. देवाजी त्यांच्यामधून गेले ते दोन्ही बाजूंना खाली पाहत. सावली आखडलेली होती, तरी होती. एका पोराच्या पायावर ती पडेल असं वाटलं तेव्हा ते थांबले आणि पोरगं हलेपर्यंत तसेच उभे राहिले. पोराला यातलं काहीच कळलं नाही. सरांना कळलं.

सरांनी त्यांना खांबाशेजारी उभं केलं. सरकारचे बारा वाजून गेले. नागपूरचे जवळ आले. खांबाची सावली बोटभर झाली, मग रेघ झाली, मग नव्हती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बा," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "आता आपल्याभोवती पाहा. कुठंय?"

देवाजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे वळून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. पांढरी जमीन आणि ऊन. मी बादलीजवळून उठून उभा राहिलो होतो. मला वाटलं, आता हा म्हातारा रडेल. तशी माझी तयारी होती.

देवाजींनी पायातली वहाण काढली आणि पाय सावकाश वर उचलला.

पायाखाली सावली होती. पावलाएवढी, काळीभोर.

"इथंच तं हाये," ते म्हणाले.

"बा, ती वेगळी—"

"येगळी कशी गा? माहीच हाये. मी तिच्यावर उभा हावो." त्यांनी पाय खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा पाहिलं. "गेली नाही. दाबून ठेवली. तुले वाटलं, गेली म्हनून मी खूश होईन?"

सरांनी वाकून त्या पावलाखाली पाहिलं.

"लहानू," देवाजी म्हणाले, मुलं ऐकत होती तरी आवाज न बदलता, "तिच्यापाई मी मार खाल्ला. आता तिले कोनी काई म्हनत नाही. आन् तू मले दाखवून राह्यला, का सावलीच नाही?"

एक पोरगं म्हणालं, "सर, घरी जाऊ का?" सरांनी मान डोलावली. पोरं पन्ह्यावर तुटून पडली. देवाजी मात्र जागचे हलले नाहीत. सरांनी हात धरायला पुढे केला, तेव्हा म्हणाले, "थांब. येऊ दे." ते खाली पाहत उभे होते. मी छत्री घेऊन गेलो; त्यांनी ती हातानं बाजूला केली. छत्रीची सावली त्यांना नको होती. बऱ्याच वेळानं त्यांच्या पावलांच्या पूर्वेकडच्या कडेला एक काळी किनार दिसू लागली. ती बोटभर झाल्यावर ते म्हणाले, "चाल."

आम्ही तिघं सरांच्या घरी गेलो. देवाजी आत खाटेवर पडले. सर बाहेरच्या खोलीत भिंतीकडे पाहत बसले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांचा धडा विद्यार्थ्यानं खोडून काढला होता, आणि तोही बरोबर खोडला होता. मी निघायला हवं होतं, पण बाहेर उन्हाची गरम लू वाहत होती.

उन्हं कलल्यावर देवाजी उठले. गोपिकाबाईंनी अंगणात जुन्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या. आम्हाला वाटलं, ते नेहमीप्रमाणे मागच्या दारानं जातील. ते पुढच्या दारात आले. उंबरा उतरले. सूर्य घरामागे न जाता बाजूच्या बोळातून अंगणात येत होता, आणि त्या उजेडात देवाजींची सावली त्यांच्याहून लांब होऊन जमिनीवर पसरली. ते एकेक पाऊल सरकत, खाली पाहत, जागा बदलत राहिले, खाट कुठं टाकावी हे ठरवणाऱ्या माणसासारखे. शेवटी थांबले. सावली धोतराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या कुरडयांवर आडवी पडली होती.

गोपिकाबाई दारात आल्या होत्या. सर उठून उभे राहिले होते, आणि त्यांचा हात नकळत हवेत कशावर तरी ठेवल्यासारखा होता, पृथ्वीगोल सांभाळताना ठेवत तसा.

देवाजी तिथं दमेपर्यंत उभे राहिले.

"गोपिका वं," मग त्यांनी हाक मारली. "या वाळल्या का?"

"कालच्या आहेत, मामाजी. वाळल्या."

"मंग चार तळ. मास्तरायलेही दे."

गोपिकाबाईंनी तळून आणल्या, मलाही दिल्या. आम्ही चौघांनी अंगणातच बसून खाल्ल्या. देवाजींनी पहिला तुकडा मोडला, बराच वेळ चावला, आणि आपल्या लेकाकडे पाहिलं.

"त्याहीपेक्षा बऱ्या हायेत," ते म्हणाले.