तांतिन जिनेतचं उपवासाचं पातेलं

शुशू म्हणजे दुधीसारखी पाणीदार फळभाजी, तिचा कीस पिळणं हे ताकदीचं काम आहे. फडक्यात घट्ट बांधायचा, फळीवर टेकवायचा आणि खांद्यापासून जोर लावायचा. पाणी राहिलं की कॉर्नफ्लॉर जास्त घालावं लागतं आणि उकडलेला गोळा रबरासारखा होतो. माझे खांदे पोर्ट लुईच्या गोदीत साखरेची पोती वाहिलेले. तरी तांतिन जिनेत गाठोडं हातात घेऊन दाबून बघायची.

"भिवाजी, हे पिळलंस की नुसतं गोंजारलंस?"

मी पुन्हा पिळायचो. तिची मनगटं गेल्यापासून सकाळचं हे काम माझ्याकडे होतं.

जिनेत आ-युन ही हाक्का चिनी. सगळं रोझ हिल गाव तिला तांतिन, म्हणजे मावशी म्हणतं. रविवारी चर्चला जायची, चिनी नव्या वर्षाला सासऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची. तिची गाडी बाजारामागे, इद्रिसच्या बिर्याणीच्या गाडीला लागून. माशाचे गोळे, कोळंबीचे गोळे, शुशूचे गोळे, वरून गरम रस्सा आणि मिरचीची चटणी.

तमिळांचे कावडीच्या सणाआधीचे उपवास लागले की ती दुसऱ्या चुलीवर वेगळं पातेलं चढवायची. त्या दिवसांत स्वतःही मासमच्छी सोडायची. रस्सा चाखावा लागतो, आणि मासे खाल्लेल्या तोंडानं उपवासाचा रस्सा चाखू नये, हे तिचं तिनंच ठरवलेलं.

म्हणून सुबेन तिच्याकडे जेवायचा. सुबेन गवंडी. बायको देवमणी गेल्यापासून घरात एकटा. यंदा मुलीच्या बाळंतपणासाठी नवस बोलला होता, कावडी खांद्यावर घेणार होता. दिवसातून एकदाच जेवायचा, तेही तांतिनच्या पातेल्यातलं.

त्या सकाळी मी गाठोडं खाली ठेवलं आणि थांबलो.

"तांतिन, उपवासाच्या पातेल्याला माशाचा वास येतोय."

"शेजारच्या चुलीचा असेल."

"नाही. वाकून बघ."

ती वाकली. तोंड पार वाफेत घातलं. बराच वेळ तशीच राहिली.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"माशाचा?"

"कसलाच. तापातून उठले तेव्हापासून."

गाडीखाली रमच्या दोन जुन्या तपकिरी बाटल्या होत्या. एकीत सोया सॉस, दुसरीत माशाचा. आयुष्यभर ती बूच काढून हुंगायची आणि ओतायची. चिठ्ठी कधी लावली नाही, गरजच पडली नाही.

"काल?" तिनं विचारलं.

"काल मी इथंच होतो. नव्हता वास."

ती खोक्यावर बसली. "आता गाडी बंद केलेली बरी. जिला मासा ओळखता येत नाही त्या बाईच्या हातचं उपवासाला कोण खाईल?"

"ओतून देऊ. अजून कुणी खाल्लेलं नाही. सुबेनला कशाला सांगायचं?"

"आणि उद्या काय ओतू, ते कोण सांगेल?"

तिनं पातेलं गटारात रिकामं केलं. सुबेन अनवाणी आला तेव्हा ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. बाटल्यांचं आणि नाकाचंही. सुबेन रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिला. मग वळला आणि निघून गेला.

"गेला," तांतिन म्हणाली आणि चूल विझवायला वाकली.

"थांब जरा."

"कशासाठी?"

चूल पुरती विझायच्या आत सुबेन परत आला. हातात देवमणीचं उपवासाचं पितळी पातेलं होतं. हे पातेलं त्या दिवसांत घराबाहेर पडत नाही. शेजाऱ्यांना देत नाहीत, सख्ख्या बहिणीलाही देत नाहीत. आमची सगळी गल्ली हे जाणते. त्यानं ते तांतिनच्या चुलीवर ठेवलं.

"पाणी घाल, तांतिन."

"सुबेन, अरे हे घरातून..."

"आलंय ना आता बाहेर? रस्त्यात उभं करू का? मला भूक लागलीय."

"पण वास कोण घेणार?"

"हा आहे की भिवाजी. एवढं नाक काय नुसतं मिशीला छप्पर म्हणून दिलंय?"

इद्रिस पलीकडून मोठ्यानं हसला. तांतिन हसली नाही. तिनं जिन्नस मांडले, एकेक बाटली माझ्या नाकाखाली धरली आणि मी हो म्हटल्यावरच ओतली. गाठोडं दाबून बघितलं आणि मला परत दिलं. मी पुन्हा पिळलं.

सुबेन फुटपाथवर मांडी घालून जेवला. वाटी पुसून काढली आणि दुसरी मागितली. तेव्हा कुठे ती खोक्यावर बसली आणि खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत राहिली.

कावडी होऊन गेली. आता नाकाची गोष्ट कुणापासून लपलेली नाही. सकाळी मी पातेलं हुंगतो, मग इद्रिस हुंगतो. मी म्हणतो कोथिंबीर कमी आहे, तो म्हणतो जास्त आहे. तांतिन आम्हां दोघांच्या तोंडाकडे बघत राहते आणि शेवटी स्वतःच्या मनानं मूठभर टाकते.