दोन्ही पक्षांची मंगलाष्टकं

आमच्या ह्यांना सत्याग्रहात पकडलं तेव्हा मी भाजी निवडत होते. चाळीतल्या कोणीतरी गॅलरीतूनच ओरडून सांगितलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा आमच्या घरात रोजची होती. पण तिच्यापायी चूल थंड पडेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ह्यांच्या ऑफिसातून निरोप आला की खटल्याचा निकाल लागेपर्यंत काम नाही आणि पगारही नाही. घरात मी, सासूबाई आणि अंगावर पिणारी मुलगी.

मला एकच गोष्ट येत होती. मैत्रिणींच्या लग्नांत मी हौसेने मंगलाष्टकं रचून दिली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता फुकट नको देऊस. मी सांगते ओळखीत." त्यांनी सांगितलं आणि गिरगावातल्या आमच्या एका खोलीत गिऱ्हाइकं येऊ लागली.

लिहिणं जमत होतं. बोलणं मात्र जमत नव्हतं. पहिले आले ते दादरचे एक गृहस्थ. कागद वाचून म्हणाले, "छान आहे, पण काहीतरी कमी आहे." काय कमी आहे ते त्यांना सांगता येईना आणि मला विचारता येईना. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी पहिलाच कागद उचलला आणि गेले. काम हातचं जाईल या धास्तीने कोणी काहीही म्हणालं की माझ्या तोंडून निघायचं, "हो, करून देते." हे तुरुंगात आहेत हे तर मी गिऱ्हाइकांना कळूच देत नसे. विचारलंच तर सांगायची, "फिरतीवर असतात."

मग ठाकुरद्वारहून एका नवरीचे मामा आले. मुलीला वडील नव्हते, यांनीच वाढवलेली. आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. "बाई, एक कडवं संयुक्त महाराष्ट्राचं पाहिजे! पोरं संसार कुठल्या राज्यात करणार, हे अक्षता टाकणाऱ्यांना कळू दे." ते कडवं मी जीव ओतून लिहिलं. मामा वाचून इतके खूश झाले की जाताना जिन्यातही म्हणत गेले.

दोनेक दिवसांनी नवऱ्यामुलाचे वडील आले. परळला राहणारे, कचेरीत हेडक्लार्क, सावकाश बोलणारे. "मुलगा सरकारी नोकरीत लागलाय, अजून कायम नाही. लग्नाला त्याचे साहेब यायचेत. तेवढं कडवं काढा."

"हो, काढते."

मामांना ते कळलं, तसे ते पुन्हा जिना चढून आले. "एक अक्षर हललं तर मी दुसऱ्याकडून लिहून घेईन!"

"नाही नाही, ठेवते."

सासूबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. मामा गेल्यावर म्हणाल्या, "दोघांनाही हो म्हणालीस? मग लग्नात काय दोन कागद वाटणारेस?" माझ्या डोळ्यांसमोर फक्त तांदळाचा रिकामा होत आलेला डबा होता.

त्या रविवारी आर्थर रोडच्या तुरुंगात ह्यांची भेट होती. मुलीला कडेवर घेऊन मी रांगेत उभी राहिले. हे जाळीपलीकडे आले. गालफडं बसलेली. "कसं चाललंय?" म्हणाले. मी म्हटलं, "छान." कडव्याचं ओठांवर आलं होतं, पण वेळ संपली. बाहेर आल्यावर मुलगी रडायला लागली आणि भिंतीला टेकून मीही रडले. घरी जाऊन सासूबाईंना काय सांगू? उद्या मामा आले की त्यांना काय सांगू? सुचेना. तशीच चालत लालबागवरून परळला, त्या हेडक्लार्कांच्या दारात गेले.

आत मामाही बसलेले. रुखवताचं, मानपानाचं बोलणं चाललं होतं. दोघं एकदम समोर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण परत फिरायची ताकद नव्हती.

"मी तुम्हा दोघांनाही हो म्हटलंय," मी म्हणाले. "आणि आमचे हे फिरतीवर नाहीत. आत्ता तुरुंगात त्यांनाच भेटून आले. त्या कडव्यात जे आहे, त्याच्यासाठीच आत आहेत ते. मला ते खोडवत नाही, आणि ठेवलं तर यांच्या मुलाच्या नोकरीवर येईल. तुम्ही दोघं माझ्यासमोर एक काय ते ठरवा. पण काम काढून घेऊ नका हो."

मग मामांनी दाराकडे पाहिलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांचा खालचा आवाज ऐकला. "अहो, हे आधी सांगायचं! लग्नघरी पोलीस येऊन उभे राहिले म्हणजे? कडव्याचं जाऊ द्या आता. मी दुसरं कोणी बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

मी मुलीला घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसले. हेडक्लार्क उठून आत गेले आणि स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंत?"

"नसतं दिलं." मग मामांकडे वळून म्हणाले, "कडवं काढायचं. मी भितो म्हणून काढायचं, ते मी कबूल करतो. पण लिहिणार याच."

मामांनी तोंडात सुपारी टाकली आणि मानपानाची यादी पुढे ओढली.

त्या जागी मी नवरीच्या वडिलांवर एक कडवं लिहिलं. ते फार चांगलं जमलं नाही. लग्न दादरला होतं. मी मागे खांबाजवळ उभी होते. बॅण्डवाल्याने घाई केली आणि माझी अर्धी मंगलाष्टकं त्यात बुडाली. मला त्याचंही काही वाटेना. आमचे हे तुरुंगात आहेत हे मामांनी गिरगावभर सांगून ठेवलं होतं. येतो म्हणालेली दोन घरं आता 'नको' असं कळवून मोकळी झाली होती. हे काम संपलं की पुढे काहीच नव्हतं.

शेवटच्या पंगतीला बसले. हेडक्लार्क स्वतः वाढायला आले. पानात जिलबी ठेवून वाकले आणि हळूच म्हणाले, "सुटका कधी?"

चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, परळच्या त्या खोलीत सगळं बोलून झालं, तरी हे कोणी विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

"घरी सासूबाई आहेत ना? त्यांच्यापुरतं बांधून देतो," म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी मान खाली घालून जेवले.