शेक कोणता, हे मला कुणी विचारलंच नाही

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी मान वर केली, तोच माझे दीर म्हणाले, "वहिनी, तुमी जरा बाहेर बसा." मी बसले. घसा माझा, गाठ माझी आणि कॅन्सर कळला दिरांना आणि माझ्या पोराला. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. तो तुकडा द्यायला मात्र मीच लागले होते!

आमच्याकडे ही रीतच आहे. पेशंटनं धसका घेऊ नये म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचं आणि आत चौघांनी त्याच्या जिवाचं ठरवायचं. नवरा गेल्यावर लातूरचं मसाल्याचं दुकान मी एकटीनं चालवलं. आमटीचा येसर, म्हणजे भाजून दळलेला मसाला, जमला की नाही, हे माझी जीभ सांगते. तेव्हा कुणाला वाटलं नाही, हिला झेपणार नाही म्हणून.

"काय न्हाई, गळ्याला जरा शेक द्यायचाय. इथंच, परवापासून," बाहेर येऊन दीर म्हणाले. शेक म्हणे! जसा काही माझा गुडघा धरला होता.

हा शेक म्हणजे रेडिओथेरपी, किरणांनी गाठ जाळणं. त्यात डोकं हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवतात. त्याला मास्क म्हणतात. तो करायला मी टेबलावर आडवी झाले, तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "मावशी, दोन्ही पद्धती समजल्या ना? नांदेडचं नको म्हणालात म्हणून विचारते."

मी कधी नको म्हणाले? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावरून उतरले आणि म्हणाले, "आता मला सांगा."

त्यांनी सांगितलं, कॅन्सर आहे इथपासून सगळं. लातूरच्या त्या दवाखान्यात थ्रीडी सीआरटी होती. तिच्यात किरणं गाठीच्या आकारात बसवतात, पण शेजारच्या लाळेच्या ग्रंथीही बऱ्याच भाजतात. नांदेडला आयएमआरटी होती. तिच्यात किरणांचा जोर जागोजागी कमीजास्त करता येतो, म्हणून कानाजवळच्या ग्रंथी बऱ्याचदा वाचतात. "गाठीवर दोन्हींचा असर जवळपास सारखाच," मॅडम म्हणाल्या. "चव दोन्हीत जाते, बहुतेकांची हळूहळू परत येते. कोरडं तोंड मात्र कायमचं राहू शकतं. नांदेडला नंबर लागेपर्यंत थोडं थांबावं लागेल, तेवढं चालेल."

सोबत आलेलं पोरगं खाली बघत होतं. "तिकडं रोज कोण नेणार, म्हणून काका म्हणले..."

"मी जाईन," मी म्हणाले.

नांदेडला बहिणीकडे राहिले. आठवड्यातून पाच दिवस ऑटोनं दवाखान्यात जायची. घसा आतून सोलवटला, पेजही टोचायची, साखर मातीसारखी लागायची. आयएमआरटी म्हणजे जादू नाही, हे ध्यानात ठेवा. रडले, बहिणीवर खेकसले, पण मास्कखाली रोज स्वतःहून झोपले.

तुमच्यावर ही वेळ आली तर आत जा. लाळेच्या ग्रंथींचं काय होणार, किती थांबलं तर चालेल, हे स्वतः विचारा. घरचे रुसले तर रुसू द्या.

आज भाकरी आमटीत कुस्करून खाते, दरवेळी पाण्याचा घोट लागत नाही. मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत. जीभ अजून पूर्वीसारखी नाही, पण दुकानात बसते.

परवा पोरगं म्हणालं, "आई, किती दिस राग धरून बसणार? तुला झेपलं नसतं, म्हणून न्हाई सांगितलं."

"कॅन्सर झेपला की रे मला," मी म्हणाले. "तुमी परस्पर ठरवलं, ते न्हाई झेपलं."