इफ्ताहच्या मुलीचा अध्याय

आमच्या धुळ्याच्या मंडळीत दर शनिवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून क्रमाने वाचायचं, एका सभेला एक अध्याय, आणि ज्याच्या घरी सभा त्याच्याच घरातल्या माणसानं तो वाचायचा. गाळायचं काही नाही. वंशावळ्या आल्या तर वंशावळ्या, कोडाचे नियम आले तर कोडाचे नियम. लेवीय पुस्तक चालू होतं तेव्हा निम्मे लोक केवळ चहाच्या आशेवर जागे राहायचे. हा पायंडा नानांनी पाडला. नाना म्हणजे मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे, निवृत्त हेडमास्तर. आवडतं तेवढंच वाचलं तर ते देवाचं वचन कसलं, ती आपलीच आवड झाली, असं ते म्हणायचे. मला ते पटायचं. शास्ते पुस्तकाचा अकरावा अध्याय आमच्या घरी येईपर्यंत पटायचं.

आदल्या हिवाळ्यात मम्मीच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि खात्री कशाचीच दिली नाही. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे त्यांना घाम फुटतो. पण त्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळेला, म्हणजे ज्याला जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळेला, ते उभे राहिले आणि म्हणाले, "ही वाचून घरी आली तर माझी एकुलती एक पोरगी मी देवाच्या सेवेला देईन." सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायका रडल्या म्हणे. मी तिथे नव्हते. मी जळगावला होते, नशिराबादच्या बाजूला केळीची रोपं तयार करतात त्या प्रयोगशाळेत नोकरीला. काचेच्या बाटलीत बोटाएवढी रोपं वाढवायची हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं. माझं आयुष्य कुणाला तरी देऊन टाकलंय, हे मला फोनवर कळलं.

मम्मी वाचली. घरी आली. मग पप्पांनी मनावर घेतलं. दक्षिणेकडे एक बायबल प्रशिक्षण शाळा आहे, तिथे त्यांनी बोलून ठेवलं. जूनमध्ये जायचं, शिकायचं, मग पाठवतील तिथे सेविका म्हणून राहायचं. लग्नाचं कुणी बोलत नव्हतं, पण पप्पांच्या डोळ्यांसमोर जुन्या काळातल्या पांढऱ्या साडीतल्या बायबलबाई होत्या, आणि त्यांनी काही लग्नं केली नव्हती. मी एकदा जेवताना विषय काढला. "शब्द दिलाय," एवढंच बोलून ते ताटावरून उठले. मम्मी गप्प. तिच्याच जिवावर सौदा झालेला, ती कुठल्या तोंडानं बोलणार? शेजारच्या काकूंचं माहेर शिंदखेड्याकडचं, कापूसवाले शेतकरी, देवदेव करणाऱ्या. त्यांनी मला जवळ घेऊन समजावलं, "नवस फेडनाच पडस, बेटी." आम्ही नवस म्हणत नाही, वचन म्हणतो. दोन्हीत फरक काय, ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात सभा आमच्या घरी आली. त्या शनिवारी मी जळगावहून आले होते. काकूंकडून खुर्च्या आणल्या, कूलर खिडकीतून काढून दारात लावला. पप्पांना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नाही, मम्मीला लांब वाचलं की धाप लागते, म्हणून वाचणारी मीच. कुठला अध्याय येतोय ते मला दोन आठवडे आधीपासून माहीत होतं. मंडळीची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनाही माहीत असणार, कारण आल्यापासून ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

मी वाचलं. इफ्ताह नावाचा लढवय्या लढाईला निघताना देवाला शब्द देतो, की मी जिंकून परत आलो तर माझ्या घराच्या दारातून जे कोणी मला भेटायला पहिल्यांदा बाहेर येईल ते तुझं, त्याचं होमार्पण करीन. जिंकून येतो, तर डफ वाजवत, नाचत बाहेर येते त्याची मुलगी. एकुलती एक. तो कपडे फाडतो आणि वर तिलाच म्हणतो, तू मला संकटात घातलंस. ती म्हणते, दिलाय शब्द तर पाळा, फक्त दोन महिने द्या, मी मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाऊन रडून येते. दोन महिन्यांनी ती परत येते आणि बाप बोलल्याप्रमाणे करतो. बापाचं नाव शास्त्रात आहे, मुलीचं नाही. आणि मोठ्यानं वाचताना माझ्या प्रथमच लक्षात आलं, की शब्द दिल्यापासून पोर जाईपर्यंत देव या गोष्टीत एक अक्षर बोललेला नाही.

मग चर्चा सुरू झाली. पाळकसाहेब तरुण आहेत, भडगावकडचे. ते म्हणाले, काही अभ्यासकांच्या मते तिला जाळलं नाही, जन्मभर अविवाहित ठेवून देवाच्या कामाला वाहिलं. नाना म्हणाले, मुळात होमार्पण असा शब्द आहे, तो पुसता येणार नाही, पण नव्या करारात इफ्ताहचं नाव विश्वासूंच्या यादीत आहे, तेव्हा त्याच्या निष्ठेकडे बघावं. जाळलं की अडकवून ठेवलं, यावर दोघांचं बराच वेळ चाललं, अगदी सभ्यपणे. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. माझं डोकं तापत गेलं.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "ती दोन महिने डोंगरावर रडत होती. सगळ्या गावाला माहीत होतं. तेवढ्या दिवसांत एकही माणूस तिच्या बापाकडे का गेला नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही," नाना म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय."

मला वाटलं, आता पप्पा उठून जाणार. पण बोलले पाळकसाहेब, आणि तेही खाली बघत. "मी यायला हवं होतं," ते म्हणाले. "त्या रविवारीच मी तुझ्या पप्पांना थांबवायला हवं होतं. लोक रडत होते, मला वाटलं उपासना चांगली झाली." नानांना ते आवडलं नाही. "शब्द तो शब्द," असं ते पुटपुटले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुला जायचंय का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मोठमोठी उत्तरं मी पाठ करून ठेवली होती, एकही आठवलं नाही. "नाही, पप्पा," एवढंच म्हणाले.

पप्पा पाहुण्यांसमोर नीट शहरी मराठी बोलतात. त्या दिवशी ती सुटली आणि घरची बोली आली. मम्मीकडे हात करून ते म्हणाले, "आनि हिले परत काई व्हई गयं तं?"

तेव्हा मला कळलं. मी त्यांना हट्टी समजत होते, देवापुढे मोठेपणा मिरवणारा बाप समजत होते. ते नुसते घाबरलेले होते. माझा सगळा राग बसल्या जागी ओसरला आणि मला रडू आलं.

मम्मी भिंतीला टेकून बसली होती. ती सावकाश म्हणाली, "मनं दुखनं मनं शे. तुम्ही पोरले त्यामा कसाले घालतस?"

तिचं दुखणं तिचंच, पोरीला त्यात ओढू नका, एवढंच तिचं म्हणणं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, छोटीशीच. शास्त्राचा अर्थ त्यांनी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही. जूनमध्ये मी जळगावलाच होते.

मम्मीला जिना चढताना कधीकधी अजून धाप लागते. मधल्या पायरीवर ती कठडा धरून थांबते. पप्पा धावत जातात, पाणी देतात, पण त्याआधी क्षणभर त्यांची नजर माझ्याकडे येते. ते तोंडानं काही म्हणत नाहीत. न पाळलेला तो शब्द मलाही आठवतो, मम्मी पुन्हा पाय उचलेपर्यंत.